एक पेर कमी

माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीला नख नाही. नख जिथं असतं ते पेरच नाही. शेजारचं मधलं बोट सकाळी उठल्यावर थोडा आळस देतं, मग कामाला लागतं. एवढं सोडलं तर माझा हात ठणठणीत आहे आणि याच हातानं मी आजही सुतारकाम करते. हे आधीच सांगून टाकते. कारण हे वाचताना कुणाचा हात बँडेजमध्ये असेल, तर त्यानं ‘पुढं काय झालं असेल’ या धास्तीनं वाचू नये. पुढं चांगलं झालं.

मी मंगल. माहेर दौंडचं, सासर घोड नदीच्या काठी इनामगावच्या बाजूला. माझे वडील, आप्पा, रेल्वेत सुतार होते. रंधा, पटाशी, करवत, सगळं मी त्यांच्या हाताखाली शिकले. लग्नानंतर घरापुढं पत्र्याचं शेड टाकलं आणि दारं, खिडक्या, देव्हारे करू लागले. माझे पती दत्तात्रय कंपनीत शिफ्टला जातात. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई.

ती दुपार

हातात धरून चालवायची, गोल पात्याची विजेची करवत असते. आम्ही तिला कटर म्हणतो. तिच्या पात्यावर खालून एक झाकण असतं, त्याला गार्ड म्हणतात. कापताना ते मागं सरकतं आणि कापून झालं की स्प्रिंगनं आपोआप पुढं येऊन पातं झाकतं. माझ्या कटरचं गार्ड दोन दिवसांपासून अडकत होतं. लाकडाचा डिंक आणि भुसा त्यात साचून घट्ट बसला होता. ब्रश आणि चिंधी घेऊन बसले असते तर दहा मिनिटांचं काम होतं. पण न्हावऱ्याच्या एका घराची दारं द्यायची होती, त्यांची वास्तुशांत दोन दिवसांवर आलेली. मी बाइंडिंग वायरचा तुकडा घेतला, गार्ड वर ओढलं आणि बांधून टाकलं.

वायर बांधून मी सात-आठ दारांच्या कडा कापल्या. काहीच झालं नाही. म्हणूनच तर माणूस फसतो.

पुढच्या दाराची पट्टी कापून झाली, बटण सोडलं आणि मशीन टेबलावर टेकवली. बटण सोडलं तरी पातं थोडा वेळ फिरत राहतं. एरवी गार्डनं ते झाकलं असतं. आता ते उघडं पातं फळीला टेकलं आणि मशीन चाकं लावल्यासारखी माझ्याकडं धावली. माझा डावा हात कापलेली पट्टी उचलायला पुढं गेला होता.

दुखलं नाही. खरंच सांगते, पहिल्यांदा काहीच दुखलं नाही. फक्त हात हलका वाटला.

सासूबाई हळदीचा डबा घेऊन धावत आल्या. मी ओरडले, “आई, हळद नको! धुतलेलं धोतर आणा!” ते धोतर हातावर दाबून धरलं आणि हात डोक्याच्या वर केला. तोवर शेजारच्या सुरेशनं ॲम्ब्युलन्सला फोन लावला होता. फोनवरच्या बाईंनी विचारलं, “तुटलेलं बोट कुठंय?” सुरेशचा चेहरा पांढरा पडला. सासूबाई मात्र शेडमध्ये गेल्या, भुशात वाकल्या आणि बोटाचं पेर शोधून आणलं. फोनवर सांगितलं तसं ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घातलं, तोंड घट्ट बांधलं आणि ती पिशवी बर्फात ठेवली. बर्फाला डबा कुठला, तर श्रीखंडाचा.

पुण्याच्या हॉस्पिटलात नर्सनं तो डबा हातात घेतला आणि म्हणाली, “मावशी, पेशंटला आत्ता खायला काही द्यायचं नाही.”

सासूबाई म्हणाल्या, “बाई, खायाचं न्हाई त्ये. जोडायचं हाय.”

त्या अवस्थेतही मला हसू आलं. हात वर धरून मी हसत होते आणि नर्सला वाटलं मला चक्कर येतेय.

“बोट उचला”

त्याआधी आम्ही शिरूरला थांबलो होतो. तिथल्या डॉक्टरांनी नीट ड्रेसिंग केलं आणि पुण्याला पाठवलं. कोरेगाव भीमाला ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली, तेव्हा कुठं दुखायला लागलं. तोवर कंपनीतून दत्तात्रय परस्पर पुण्यात पोचले होते.

पुण्याच्या डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा वयानं लहान होत्या. त्यांनी हात टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाल्या, “हं, मधलं बोट उचला.”

मी उचललं. म्हणजे मनातून उचललं. बोट तसंच पडून राहिलं. पुन्हा उचललं. पुन्हा तेच. आयुष्यात ज्या बोटाला कधी सांगावं लागलं नव्हतं, त्याला मी हुकूम सोडत होते आणि ते ऐकत नव्हतं. रक्त पाहून मी घाबरले नव्हते, तेव्हा घाबरले.

“याची दोरी तुटली आहे,” मॅडम म्हणाल्या. “बोट उचलणारी दोरी असते, ती. आपण ती शिवू. तर्जनीचं पेर जोडायचा प्रयत्न करू, पण त्याची खात्री देत नाही.”

“मी सुतारकाम करते,” मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. “मग तुम्हाला शिवणकाम नीट झालेलं कळेल. मी नीट करते.”

पाचव्या दिवशी जोडलेलं पेर काळं पडलं. मॅडमनी माझ्यासमोर खुर्ची ओढून सांगितलं, ते काढावं लागेल. मी रडले. दत्तात्रय खिडकीशी उभे राहून रडले. हे लिहिताना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही. एका पेरासाठी कोण रडतं, असं ज्याला वाटतं त्याचं पेर जागेवर असतं.

दोघींचे दोन हात

शेजारच्या खाटेवर हिराबाई होती. पाटसच्या अलीकडच्या वस्तीवरची, धनगराची, साठीची. त्यांच्याकडं आधी मेंढरं होती, आता ऊस आणि चार म्हशी. म्हशींना चारा बारीक करताना कडबाकुट्टीत तिचा उजवा हात गेला होता. तीन बोटं मुळापासून गेली.

तिला बघून मला वाटलं होतं, ही माझ्याहून जास्त रडेल. तिनं पहिल्याच सकाळी मला विचारलं, “तुझं काय ग्येलं?”

“एक पेर. आणि एका बोटाची दोरी.”

“येवढंच? मग तू पाव्हणी हायस इथं. दोन दिस ऱ्हा आन् जा.”

वॉर्डात सकाळ लवकर व्हायची. झाडूवाली मावशी, मग चहा, मग ड्रेसिंग, मग राऊंड. माझा डावा हात सलाईनच्या स्टँडला उंच बांधलेला, तिचा उजवा. माझा उजवा मोकळा, तिचा डावा. आम्ही दोघी जेवायला एकाच खाटेवर बसायला लागलो. भाकरीचं एक टोक मी धरायचं, दुसरं तिनं, आणि ओढायची. कधी सारखी तुटायची, कधी सगळी एकीच्याच हातात यायची. नर्स म्हणायची, “तुमचं जेवण आहे का रस्सीखेच?”

सगळ्यात मोठं काम वेणीचं. सहा दिवस केस नुसते गुंतले होते. हिराबाई म्हणाली, “इकडं पाठ कर.” मग तिच्या डाव्या आणि माझ्या उजव्या अशा दोन हातांनी आम्ही माझी वेणी घालायला बसलो. मला माझी पाठ दिसत नव्हती, तिला डाव्या हातानं वेणीची सवय नव्हती. एक पेड मी धरायचा, दोन तिनं. “वढ.” “कुठला?” “तुझा गं, माझा न्हवं!” अर्ध्या तासानं वेणी झाली. ती मानेवरून उजवीकडं वळून खांद्यावर कुठंतरी संपत होती. समोरच्या खाटेवरची मुलगी पोट धरून हसली. टाके दुखतात म्हणून तिला हसायला मनाई होती, तरी हसली. मग आम्ही हिराबाईची घातली. ती जरा बरी आली.

त्या दिवशी संध्याकाळी दत्तात्रय डबा घेऊन आले. त्यांनी माझी वेणी बघितली. आणि हसले. पाच-सहा दिवसांत पहिल्यांदाच.

मी खोटं बोलले होते

एक गोष्ट मात्र आतून खात होती. मशीनला काय झालं, असं सगळे विचारायचे आणि मी सांगायचे, “गार्ड खराब होतं. तुटलं.” वायरचं कुणालाच सांगितलं नव्हतं. हिराबाईला मात्र एकदा हळूच सांगितलं.

ती म्हणाली, “मीबी म्हशी वरडत व्हत्या म्हणून घाई केली. समद्यांना सांगितलं मशीन वाईट. मशीन काय करनार बापडी, तिला कुठं डोळं हायेत.” मग म्हणाली, “पर तू तुझ्या मानसाला सांग. म्या न्हाई सांगितलं, त्ये अजून मशीनलाच शिव्या देत्यात.”

मी सांगितलं नाही. घरी आल्यावर एका सकाळी दत्तात्रय चप्पल घालत म्हणाले, “शिरूरला निघालोय. त्या दुकानदाराला सोडत नाही. खराब मशीन विकतो म्हणजे काय!”

आप्पा दौंडहून येऊन आमच्याकडंच राहिले होते. मी हॉस्पिटलात असताना त्यांनी शेड झाडलं होतं, मशीन पुसली होती. गार्डला बांधलेली वायर त्यांना दिसलेली असणार, हे मला माहीत होतं. ते ओट्यावर बसून माझ्याकडं बघत होते. बोलायचं काम माझं होतं.

“अहो,” मी म्हणाले, “दुकानदाराकडं जाऊ नका. गार्ड चांगलं होतं. मी वायरनं बांधलं होतं.”

दत्तात्रय एक चप्पल घालून तसेच उभे राहिले.

“मीच बांधलं. दारं वेळेत द्यायची म्हणून.”

ते इतकंच म्हणाले, “आमच्या कंपनीत गार्ड काढलं तर माणूस घरी पाठवतात.” मग म्हणाले, “ती मशीन या घरात नको.” ती पोत्यात घालून त्यांनी माळ्यावर टाकली आणि आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. त्यांचा राग मला कळत होता. पण खरं सांगते, त्या आठवड्यात मला झोप चांगली लागली.

सूत, सूत

सहा आठवडे पट्टी होती. ती निघाली तेव्हा मधलं बोट सरळ उचललं जात होतं, पण वाकत नव्हतं. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं, मूठ मिटवायची. बोटाचं टोक तळव्याला टेकलं पाहिजे. त्यांनी रबराचा गोळा दिला. सासूबाईंनी तो बघितला आणि म्हणाल्या, “ह्याच्यापरीस कणीक बरी.” मग रोजची कणीक माझ्याकडं आली. दुखायचं, डोळ्यांत पाणी यायचं, आणि चपात्या मात्र मऊ व्हायच्या.

रोज सकाळी आप्पा आपली लाकडी घडीची फूटपट्टी काढायचे. “मूठ कर.” मी करायची. बोटाच्या टोकापासून तळव्यापर्यंत किती अंतर राहिलं ते मोजायचे आणि सांगायचे, “बारा सूत.” सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लाकूडकामात सगळं सुतात चालतं. बारा सूत, मग अकरा. अकरावर चार दिवस अडकलं आणि मी वैतागले. आप्पा म्हणाले, “लाकूडबी एका दिसात वाळत न्हाई.” पुन्हा दहा. मग एकदम आठ.

एक दिवस चहाचा कप दोन्ही हातांनी धरून पीत होते आणि मधल्या बोटाला कपाची ऊब लागली. लागली म्हणजे कळली. मी कप तसाच धरून बसले. सासूबाई म्हणाल्या, “काय झालं? गोड जास्त झाला का?” मी म्हणाले, “नाही. गरम आहे.”

“च्या गरमच अस्तू,” त्या म्हणाल्या.

ज्या सकाळी आप्पांनी फूटपट्टी लावली आणि मध्ये ती घालायला जागाच सापडली नाही, त्या सकाळी त्यांनी ती मिटून खिशात घातली. मग माळ्यावर चढून पोतं खाली काढलं.

पुन्हा पहिलीपासून

दत्तात्रय कामावरून आले तेव्हा मी आणि आप्पा शेडमध्ये होतो. मशीन टेबलावर होती, पण प्लग लावलेला नव्हता. आप्पा म्हणाले होते, “आज नुसती धरायची.” मी मशीन दोन्ही हातांनी धरून हवेत फळी कापत होते. दत्तात्रय दारात उभे राहिले. मला वाटलं, आता परत भांडण.

ते निघून गेले आणि थोड्या वेळानं पिवळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले. गुडघ्यावर बसून त्यांनी टेबलाभोवती जमिनीवर पिवळा पट्टा ओढला. सरळ, कंपनीत असतो तसा. म्हणाले, “मशीन चालू असताना या पट्ट्याच्या आत तुझ्याशिवाय कुणी नाही. मी पण नाही. आणि गार्ड बांधलेलं दिसलं तर मशीन नदीत टाकीन.”

“बांधणार नाही,” मी म्हणाले.

“मग कर,” ते म्हणाले.

आप्पांनी महिनाभर शिकवलं. मला वाटायचं, मला सगळं येतं. येत होतं, पण पाळत नव्हते. आता रोज सकाळी प्लग काढलेला असताना गार्ड बोटानं मागं ओढते आणि सोडते. ते खट्‌कन आपोआप बंद झालं पाहिजे. रेंगाळलं तर त्या दिवशी पहिलं काम साफसफाईचं. पातं बदलतानाही प्लग बाहेर, आणि तो माझ्या डोळ्यांसमोर. फळी टेबलाला शिकंज्यानं आवळते, म्हणजे डावा हात फळी धरायला मोकळा राहतच नाही, दोन्ही हात मशीनवर. पातं फळीच्या जाडीपेक्षा थोडंसंच खाली काढायचं. कापून पडणारा तुकडा मोकळा पडला पाहिजे, कारण तो पात्यावर दाबून बसला की मशीन मागं उसळी मारते. म्हणून पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, जरा बाजूला. पदर खोचलेला, बांगड्या काढलेल्या, केस बांधलेले, डोळ्यांवर चष्मा. हातमोजे नाहीत, पातं मोज्यासकट हात ओढून घेतं. वायर खांद्यामागं.

आणि शेवटचं, जे माझ्या हाडात गेलंय. बटण सोडल्यावर मशीन हातातच धरायची. पात्याचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत, गार्ड बंद झालेलं दिसेपर्यंत. तोवर पट्टी असो नाही तर सोनं, हात पुढं जात नाही. सुरुवातीला आप्पा पट्ट्याबाहेर उभे राहून म्हणायचे, “थांब... थांब... हं, आता.” आता ते माझ्या आतच म्हणतात.

पहिल्यांदा पातं खरोखर फिरलं तेव्हा मी मशीनवरची पकड घट्ट केली. पट्ट्याच्या बाहेर तिघं रांगेत उभी होती. फळीचा पहिला तुकडा पडला, आवाज थांबला, गार्ड बंद झालं, मी मशीन खाली ठेवली. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दोन्ही हातांनी.

हिराबाईचं माप

हिराबाईशी फोनवर बोलणं चालूच होतं. एकदा ती म्हणाली, “म्हशी हायत्या, तवा कुट्टी करावीच लागती. डाव्या हातानं करती. पर मशीनच्या तोंडापाशी हात ग्येला की मी त्यो मागं वढती.”

मी पुढच्याच रविवारी आप्पांना घेऊन तिच्या वस्तीवर गेले. कारखान्याचा हंगाम सुरू झालेला, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. तिची कडबाकुट्टी बघितली. चारा आत ढकलायचं तोंड आखूड होतं, हात सहज पात्यापर्यंत जात होता. मी मशीनच्या तोंडाचं माप घेतलं. मग हिराबाईला म्हणाले, “हात सरळ कर.” आणि खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत तिच्या डाव्या हाताचंही माप घेतलं.

“माझा हात कशापायी मोजतीस? सदरा शिवायचाय व्हय?”

“बघशील,” मी म्हणाले.

अपघातानंतर मी केलेली पहिली पुरी वस्तू म्हणजे तिच्या मशीनच्या तोंडाला जोडायची लाकडी पन्हळ. वरून झाकलेली, तिच्या हातापेक्षा दीड वीत लांब, आणि सोबत चारा पुढं सारायला एक लाकडी ढकलणी. सगळ्या फळ्या कटरवर कापल्या. एकही वाकडी गेली नाही.

ती बसवायला आम्ही सगळे गेलो, दत्तात्रय, सासूबाई, आप्पा. बोल्ट आवळून झाले. हिराबाईनं पन्हळीभोवती एक चक्कर मारली. मग प्लग काढला, बाही वर केली, गाल लाकडाला टेकवला आणि सगळा हात खांद्यापर्यंत आत घातला. डोळे मिटून ती आत चाचपत राहिली. आम्ही वाकून बघत होतो.

“न्हाई पोचत,” ती म्हणाली. मग डोळे उघडून जोरात, “मंगल! न्हाई पोचत गं! कुठंच न्हाई पोचत!”

ती इतक्या जोरात ओरडली की गोठ्यातल्या म्हशींनी माना वळवल्या आणि शेजारच्या दोन वस्त्यांवरच्या बायका काय झालं म्हणून धावत आल्या. त्यांच्याही घरी अशाच मशिनी होत्या. एकीनं पन्हळीत डोकावून विचारलं, “ही आमच्या मशीनला बशंल का?” दुसरी बाही वर करत पुढं झाली, “मला बघू दे की, मला पोचतंय का.”

मी पिशवीतून टेप काढली. आप्पांनी कानावरची पेन्सिल घेतली. हिराबाई पन्हळीपुढं आडवी उभी राहिली, कमरेवर डावा हात ठेवून म्हणाली, “एकेकीनं या. ढकलाढकली न्हाई. आन् हात घालायच्या आधी प्लग काढल्याला हाय का त्ये सवताच्या डोळ्यानं बघा!”